‘पासून – पर्यंत’ : लालबागच्या एका फॅमिली डॉक्टरचं पॅलिएटिव्ह केअर शिकणं

जून २०१८. पहाटे सव्वातीनला फोन वाजला. “डॉक्टरबाई, बाबा गेले. दाखला पाहिजे होता.”

लालबाग-काळाचौकीत दवाखाना चालवणाऱ्या कुणालाच हा फोन नवा नाही. माणूस घरी गेला की स्मशानात डॉक्टरचा दाखला दाखवावा लागतो. हॉस्पिटलात गेला तर नमुना ४, घरी गेला तर नमुना ४ अ. माझ्या बॅगेत बीपीच्या यंत्राशेजारी ४ अचे कोरे फॉर्म कायम असतात. बाहेर पाऊस होता. छत्री घेतली, चाळीचे तीन जिने चढले, त्यांना तपासलं आणि कॉटच्या कडेवर फॉर्म ठेवून लिहायला बसले. नाव, वय, पत्ता पटापट लिहून झाला. पुढची ओळ अशी असते : मयत व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या उपचाराखाली होती.

तिथे पेन अडलं.

या माणसाला मी सोळा वर्षं ओळखत होते. त्यांच्या दोन्ही मुलींच्या गोवरापासून ते त्यांच्या स्वतःच्या तंबाखूपर्यंत सगळं मला माहीत होतं. तोंडातला पांढरा चट्टा मीच पहिल्यांदा बघितला होता आणि मीच पुढे पाठवलं होतं. पण शेवटची भेट फेब्रुवारीतली. त्यानंतर चार महिन्यांत काय झालं, याची मला गंधवार्ताही नव्हती. काकू म्हणाल्या, “हॉस्पिटलनं सांगितलं, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या. मग तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हटलं.” उशाशी पॅरासिटामॉलच्या रिकाम्या पट्ट्या रबरबँड लावून ठेवल्या होत्या. औषध दिल्याचा हिशेब राहावा म्हणून. “रात्री फार ओरडायचे हो. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून आम्ही टीव्ही मोठ्यानं लावायचो.”

तो टीव्ही मी ऐकला होता. रात्री दवाखाना बंद करून त्याच गल्लीतून घरी जाताना. मॅच असेल असं वाटलं होतं.

फॉर्मवर मी फेब्रुवारीची तारीख लिहिली, कारण खरी तीच होती. हॉस्पिटलची फाइल बघून मृत्यूचं कारण भरलं आणि घरी आले. पुढचं सगळं त्या रकान्यामुळे घडलं. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी सेवा, शिकावी असं वाटणारे बरेच एमबीबीएस डॉक्टर मला विचारतात की कुठून सुरुवात केली, किती खर्च आला, दवाखान्याचं काय केलं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. रुग्णांच्या ओळखी पटतील असे तपशील बदलले आहेत.

सुरुवात अर्थातच चौकशीनं. आम्ही एमबीबीएस केलं तेव्हा हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. मॉर्फीन हे तीव्र वेदनांवरचं अफूपासूनचं औषध म्हणजे फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत विचारतात ते, एवढीच ओळख. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१२पासून पॅलिएटिव्ह मेडिसिनचं एमडी करता येतं. टाटा आमच्याकडून टॅक्सीच्या किमान भाड्यात, पण ते तीन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, आणि आधी प्रवेशपरीक्षा. मी तेव्हा ४४ वर्षांची, मुलगा बारावीत, दवाखान्याचं भाडं डोक्यावर. तो रस्ता बंद होता. मग कळलं की एमबीबीएसवाल्यांसाठी आणखी दोन-तीन वाटा आहेत. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था १९९४पासून आहे, तिचा आठ आठवड्यांचा प्राथमिक सर्टिफिकेट कोर्स असतो. घरी वाचायचं, ठरलेल्या दिवशी लेक्चरला जायचं, शेवटी परीक्षा. तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडिया या संस्थेचा सहा आठवड्यांचा, तिथे राहून करायचा कोर्स आहे. कोझिकोडलाही आहे. मी ठरवलं, आधी पहिला करू, झेपलं तर केरळ.

अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. एमबीबीएसच्या डिग्रीवर माहेरचं नाव, मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवर सासरचं. लग्न होऊन वीस वर्षं झाली, कुणाला काही अडलं नव्हतं. आता दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. त्यात लक्षात आलं की नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलंय. दर पाच वर्षांनी तीस क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात आणि माझ्याकडे होते एकोणीस. दोष सर्वस्वी माझा. पुढचे दोन महिने रविवार-रविवार मिळेल त्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांना, जाऊन बसले. दोन तास गुडघेदुखीवरही ऐकलं. तोवर ती बॅच गेली. म्हणून सांगते, कोर्सच्या तारखा बघण्याआधी आपल्या नोंदणीची तारीख बघा, आणि बायकांनो, नावाचं प्रतिज्ञापत्र आजच करून दोन-चार प्रती फाइलला लावून ठेवा.

फेब्रुवारी २०१९मध्ये कोर्स सुरू झाला. वाचन दुपारी एक ते चार, म्हणजे सकाळचा दवाखाना संपून संध्याकाळचा सुरू होईपर्यंत, आमच्या कंपाउंडरच्या घोरण्याच्या साथीनं. औषधांचा भाग सोपा गेला. अवघड गेलं ते बोलणं. एका लेक्चरला जोड्या लावून नाटक करायला सांगितलं. मी डॉक्टर, समोरची भूलतज्ज्ञ बाई पेशंट. रिपोर्ट वाईट आलाय, तो सांगायचा. मी माझ्या मते फार हळुवारपणे, समजावून, धीर देत सांगितलं. संपल्यावर शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, पेशंट काय-काय बोलली? मला एक वाक्य आठवेना. कारण तिला मी बोलूच दिलं नव्हतं. सहा मिनिटं मीच बोलत होते. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग सांगा, आणि सांगून झालं की गप्प बसा. यातलं ‘गप्प बसा’ मला अजून पूर्ण जमत नाही.

त्याच सुमारास एका दुपारी वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात जाऊन आले. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस (बरं होणं शक्य नसलेल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण), १९८६ साली सुरू झालेलं. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी काढलं. पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. माउंट मेरीच्या जत्रेला मी लहानपणापासून जाते, मेणबत्त्या लावते, समोरच्या पायऱ्यांवर कुल्फी खाते, पण बाजूला ही इमारत आहे हे माझ्या डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं. ‘अवेदना’ या शब्दातच सगळं आलं. आपल्याकडे ‘पॅलिएटिव्ह’ला परिहार सेवा म्हणतात, उपशामक उपचार म्हणतात, सरकारी कागदांत आणखी काय-काय म्हणतात. चाळीत यातलं काहीच चालत नाही. मी सरळ सांगते, “दुखणं, धाप, उलटी, जखमेचा वास, जे काही त्रासदायक आहे ते कमी करायला मी येणार.” आत गेले तेव्हा मला वाटलं होतं की सगळीकडे स्मशानशांतता असेल. पहिल्याच खाटेवरच्या मावशींनी हात धरून विचारलं, येताना सुकट आणता आली असती का.

नोव्हेंबरमध्ये नेत्रावती एक्स्प्रेसनं तिरुवनंतपुरमला निघाले. कुर्ल्याहून एक दिवस, एक रात्र आणि वर थोडं. थर्ड एसीचं तिकीट दोन हजारांच्या आसपास. आता पैशांचं स्पष्ट सांगते. कोर्सची फी आणि राहण्या-जेवण्याचा खर्च हा प्रश्न नव्हता. सहा आठवडे दवाखाना चालू ठेवणं हाच खरा खर्च. संध्याकाळपुरता एक तरुण डॉक्टर ठेवला, दिवसाला दीड हजार. सकाळचा दवाखाना बंद. भाडं, कंपाउंडरचा पगार आणि बुडालेली मिळकत धरून मला ते सहा आठवडे दीड लाखाच्या घरात पडले. यासाठी मी वर्षभर वेगळी रिकरिंग ठेवली होती. निघताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, “लोक जगवायला शिकतात, तू मरणाऱ्यांचं शिकायला चाललीस?” रागानं नव्हे, काळजीनं. डब्यात मात्र चकल्या भरून दिल्या.

केरळमध्ये ही सेवा घराघरांत पोचलेली आहे. कोझिकोडला १९९३मध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली, २००३मध्ये पॅलियम इंडिया निघाली, २००८मध्ये राज्यानं धोरण केलं. हे सगळं वाचून गेले होते. बघितलं ते वेगळंच. रोज सकाळी गाडी निघायची. डॉक्टर असो वा नसो, नर्स असायचीच. पहिल्या दिवशी एका घरी मी सवयीप्रमाणे दारात उभी राहून फाइल चाळायला लागले. माझ्याबरोबरची सिस्टर चप्पल काढून सरळ आत गेली, आजींच्या बिछान्यापाशी जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “वेदना उण्डो?”

मल्याळममध्येही वेदना म्हणजे वेदनाच. ‘उण्डो’ म्हणजे ‘आहे का’. सहा आठवड्यांत मला एवढं एकच मल्याळम वाक्य नीट आलं, आणि तेवढ्यावर भागलं.

आजींच्या स्तनावर उघडी जखम होती. वास असा की घरातल्यांनी जेवणाची पानं मागच्या पडवीत हलवली होती. सिस्टरनं आधी मलमपट्टीच्या अर्धा तास आधीची दुखण्याची गोळी घेतली का ते विचारलं. चिकटलेली जुनी पट्टी ओढून काढली नाही, सलाइनचं पाणी सोडत भिजवत राहिली. ती आपोआप सुटेपर्यंत आजींशी कोंबड्यांबद्दल गप्पा. मग मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर भुरभुरली. हीच गोळी मी वीस वर्षं जुलाबाला देत आले होते. पट्टी सोडून बाकीची चाळीस मिनिटं, पट्टीची वीस. तीन दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा वास बराच कमी झाला होता आणि पानं स्वयंपाकघरात परत आली होती. मला वाटतं, त्या कोर्सात मी जे शिकले त्यातलं निम्मं त्या पडवीत शिकले.

उरलेलं निम्मं म्हणजे दुखण्याकडे बघणं. लंडनला १९६७मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. (४५व्या वर्षी वही-पेन घेऊन बाकावर बसलेल्या मला याचा केवढा आधार!) त्या ‘टोटल पेन’ म्हणायच्या. शरीराचं दुखणं, मनाचं, घरच्या परिस्थितीचं आणि ‘माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचं, सगळं एकात एक गुंतलेलं. पुस्तकात हे वाचून मी ‘हो, बरोबर’ म्हटलं होतं. तिथे एका रिक्षावाल्याचं दुखणं औषधं वाढवूनही हटेना. त्याच्या मुलीच्या शाळेच्या फीची सोय एका स्वयंसेवकानं लावून दिली, आणि त्या आठवड्यात तो पहिल्यांदा रात्रभर झोपला.

जानेवारी २०२०मध्ये परत आले ती अंगात वारं भरल्यासारखी. आणि पहिल्याच महिन्यात चूक केली.

पण आधी मॉर्फीनच्या कायद्याबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यामुळे मॉर्फीनसाठी इतके परवाने लागायला लागले की बहुतेक दवाखान्यांनी आणि केमिस्टांनी त्याचं नावच टाकलं. २०१४मध्ये कायदा बदलला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थे’ला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. त्या संस्थेत वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, आणि गोळी-गोळीचा हिशेब रजिस्टरात हवा. दहा बाय बाराच्या दवाखान्यासाठी मी हा खटाटोप केला नाही. अशी मान्यता असलेल्या संस्थेशी स्वतःला जोडून घेतलं. पेशंटची पहिली तपासणी तिथे होते, गोळ्या तिथून मिळतात, घरी लक्ष मी ठेवते. नातेवाइकांना मी पहिल्या दिवशीच बजावते की मूळ कागद आणि हॉस्पिटलची फाइल एका पिशवीत ठेवा, गोळ्या कपाटात कुलपात ठेवा, शेजारच्या कंबरदुखीला एकही देऊ नका आणि उरल्या तर जिथून आणल्या तिथे परत करा.

तर चूक. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या एक ताई, वय पन्नास. मॉर्फीन चालू झालं होतं. चार-चार तासांनी गोळी, झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठवायला नको, हे मी वहीत घड्याळाची चित्रं काढून मुलीला समजावलं. दोन दिवसांत ताई उठून बसल्या, भाकरी थापली. मी खूश. आठव्या दिवशी मुलीचा फोन, “गोळ्या बंद केल्यात, आईच्या पोटात गोळा आलाय.” सात दिवस शौचाला झालं नव्हतं. मॉर्फीनबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक द्यायचंच, हा धडा मला तोंडपाठ होता. कागदावर ते औषध लिहिलेलंही होतं. पण मी मुलीला ‘गरज वाटली तर द्या’ म्हणून गेले होते. घरच्यांना काय, रेचक म्हणजे दुय्यम, औषधं आधीच बारा, त्यातलं एक कमी. त्या दुपारी मी हातमोजे चढवले आणि तासभर त्या खोलीत होते. चाळीचा संडास गॅलरीच्या टोकाला, मधे सात बिऱ्हाडं, म्हणून पडदा लावून पाटाखाली भांडं ठेवलं. झाल्यावर ताई म्हणाल्या, “डॉक्टर, दुखत होतं तेच बरं होतं असं वाटायला लागलेलं.” तेव्हापासून मी मॉर्फीनच्या पट्टीला रेचकाची पट्टी रबरबँडनं बांधूनच देते. एक काढताना दुसरी हातात येतेच.

आणखी एक, जे आधी सुचायला हवं होतं : चाळीतल्या पेशंटसाठी औषधाच्या आधी कमोडची खुर्ची आणा. भाड्यानं मिळते. निम्मे पेशंट संडासाला जावं लागू नये म्हणून पाणी पिणं आणि जेवणंच कमी करतात.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला. फोनवरून औषध लिहायला परवानगी मिळाली, पण मॉर्फीनसारखी औषधं त्यातून वगळलेली. म्हणजे जायलाच हवं. पीपीई किट घालून जिने चढताना चष्म्यावर वाफ धरायची, आणि घाबरलेल्या पेशंटला माझे डोळेही दिसायचे नाहीत. त्या दोन वर्षांबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ४ अचे फॉर्म मात्र दोनदा आणून भरावे लागले.

२०२२पासून मी एका धर्मादाय होमकेअर टीमबरोबर आठवड्यातल्या तीन दुपारी काम करते. बरोबर एक नर्स आणि एक समुपदेशक. महिन्याचं मानधन येण्या-जाण्याचा खर्च वजा करता माझ्या दवाखान्याच्या एका चांगल्या संध्याकाळइतकं. ज्यांना यावर घर चालवायचंय त्यांनी हे गणित आधी मांडा. माझा सर्दी-खोकला-मधुमेहाचा दवाखाना चालू आहे म्हणून मला हे परवडतं. फॅमिली डॉक्टर असण्याचा फायदा मात्र दुसरीकडे मिळतो. हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाला ज्या घरात शिरायला तीन भेटी लागतात, त्या घरात मला कुठल्या कपाटात साखर आहे ते माहीत असतं.

तरी लोक लपवतातच. “आईला काही सांगू नका” हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरी दारातच ऐकते. पूर्वी मी मान डोलवायचे. आता मुलांना सांगते, मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. गेल्या वर्षी एक आजी, स्वादुपिंडाचा कॅन्सर, घरी सगळ्यांनी ‘पोटाला सूज’ ठरवलेलं. मुलगा चहा आणायला गेल्यावर आजींनी उशाखालून पागडीच्या खोलीची भाडेपावती काढली. “ही मुलाच्या नावावर करायची तर मालकाकडे जायला हवं. दिवाळीनंतर जाऊ की आत्ताच?” ऑगस्ट होता. मी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” त्या म्हणाल्या, “मला आत्ताच वाटतं.” मी म्हटलं, “मलाही.” त्यांनी पावती परत उशाखाली ठेवली. मुलगा चहा घेऊन आला. पुढच्या आठवड्यात त्या टॅक्सीनं मालकाकडे जाऊन आल्या आणि येताना चिवडा गल्लीतून पाव किलो चिवडाही घेऊन आल्या, जो त्यांना खाता येणार नव्हता.

हल्ली ‘लिव्हिंग विल’बद्दलही, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दलच्या इच्छापत्राबद्दलही, विचारतात. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ला त्याला मान्यता दिली, पण तेव्हा दंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी फिरकत नसे. २४ जानेवारी २०२३च्या आदेशापासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. केईएममध्ये वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून राहिलेल्या नर्स अरुणा शानबाग ज्यांनी पाहिल्या-वाचल्या आहेत, त्या परळ-लालबागच्या लोकांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. एक निवृत्त शिक्षक स्वतः नोटरीकडे जाऊन करून आले आणि एक प्रत माझ्या दवाखान्यात ठेवून गेले. यात जीव घेण्याचं काही नसतं. बरं होण्याची आशा संपल्यावर व्हेंटिलेटरसारखे उपाय नकोत, एवढंच आपण शुद्धीत असताना लिहून ठेवायचं.

आता दाखल्याचं, कारण घरी शेवट व्हावा असं वाटणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हीच भीती असते. डॉक्टर आधीपासून बघत असेल, आजार माहीत असेल, तर तो ४ अ देऊ शकतो. कुणीच बघत नसेल तर देह हॉस्पिटलला न्यावा लागतो आणि पोलिसांपर्यंत जायची वेळ येते. म्हणून आजारपण लांबलंय असं दिसलं की महिन्यातून एकदा तरी डॉक्टरला घरी बोलवा. गेलेल्या माणसाचं आणि अर्ज करणाऱ्याचं आधार कार्ड, हॉस्पिटलची फाइल आणि डॉक्टरचा नंबर एका जागी ठेवा. नाव-वय आधारप्रमाणेच लिहून घ्या, नाहीतर नंतर वॉर्ड ऑफिसात चपला झिजतात. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची. आणि नव्या डॉक्टरांनो, कारणाच्या रकान्यात ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहू नका. ती सगळ्यांचीच पडते. मूळ आजार लिहा.

या जानेवारीत एक आजोबा गेले. कॅन्सर नव्हता. १९८२च्या संपापर्यंत गिरणीत कार्डिंग खात्यात होते, कापसाची धूळ आणि विडी या दोघांनी मिळून फुप्फुसं खाल्ली. ‘तुमच्याकडे फक्त कॅन्सरवाले ना?’ असं सुनेनं पहिल्या दिवशी विचारलं होतं. ऑक्सिजनचं यंत्र घरी होतं, तरी धाप लागली की आजोबा घाबरून खिडकीचे गज धरायचे, आणि वर्षभरात पाच वेळा त्यांना अॅडमिट केलं होतं. मी पहिलं काय केलं तर टेबलफॅन मागवला. गालावर, नाकापाशी वाऱ्याचा झोत आला की धापेची जाणीव कमी होते. हे मी केरळमध्ये शिकले, आणि त्यासाठी सहा आठवडे जायला हवं होतं का असं मलाच हसू येतं. पुढे बसायचं, टेबलावर उशी, उशीवर कोपरं, तोंडावर पंखा. नंतर अगदी थोडं मॉर्फीन, रेचकाच्या पट्टीसकट. त्यानंतरचे सात महिने ते हॉस्पिटलात गेले नाहीत. खिडकीत बसून खालून जाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारायचे, धाप लागली की थांबायचे, मग उरलेलं नाव घ्यायचे.

फोन आला तेव्हा पाच वाजायला आले होते. “डॉक्टरबाई, झोपेतच गेले.” मी जिने चढले. तपासलं. सुनेनं बाजूला होऊन मला कॉटवर जागा करून दिली. शेजारणीनं न विचारता चहाचा कप आणून ठेवला. मी बॅगेतून फॉर्म काढला, पण लिहिता येईना, कागद सारखा उडत होता. टेबलफॅन अजून त्यांच्या तोंडाकडे रोखलेला, चालूच.

सून उठली, तिनं पंखा बंद केला. मग मी ‘पासून’च्या पुढे तारीख लिहिली, १८ जून. फाइल बघावी लागली नाही.